तळाचा गळ कसा बांधावा



डिंभे धरणात मूळ आंबेगाव बुडाले. शेते गेलेल्या महादेव कोळी कुटुंबांपैकी काहींना आता जलाशयातल्या मासळीचा आधार आहे. प्रभूने पेत्राला गळ टाकायला सांगितले (मत्तय 17:27). तोच गळ नीट बांधायला मी इथल्या मुलांना शिकवतो. मृगळ तळाशी चरतो, म्हणून आमिष तळाजवळ हवे.

1. हातभर तंगूस गळाच्या नेढ्यातून ओवा. टोकाने तंगुसाभोवती पाच वेढे द्या.
2. टोक नेढ्याजवळच्या फटीतून काढा, मग तयार झालेल्या मोठ्या फासातून.
3. गाठ थुंकीने ओली करून सावकाश आवळा. कोरडा नायलॉन घासून तापतो आणि तिथेच कमजोर होतो.
4. मुख्य दोरीच्या टोकाला जुना लोखंडी नट सुती दोऱ्याने बांधा. वीतभर वर फास करून त्यात गळाचा तंगूस अडकवा.

सुती दोरा कशाला? तळाशी जुने बांध आणि खोडे आहेत. नट अडकला, तर कच्चा दोरा तुटतो. गळ आणि मासा हाती राहतात.

गाठ सुटली, तर घरातले त्या दिवसाचे कालवण जाते. म्हणून मुले प्रत्येक गाठ ओढून पाहतात. या घरांसाठी प्रार्थना करा. काही पाठवायचे झाल्यास चांगला तंगूस आणि गळ पाठवा.