टरफलं आपणच उचलायची

डोंबिवलीच्या एका गृहस्थांनी पहिल्याच खेपेला एंजल माशाची शंभरावर पिल्लं काढली, आणि आठवड्याभरात बारा उरली. पाणी बदलून झालं, हीटर बदलून झाला, बायकोच्या उदबत्तीवरही संशय घेऊन झाला. शेवटी एक मेलेलं पिल्लू त्यांनी भिंगाखाली धरलं. पोटात तपकिरी ठिपके दाटून बसले होते. आर्टेमियाच्या अंड्यांची टरफलं!

"खाऊ मीच घातला होता," ते सांगतात, "आणि अख्खी बाटली ओतली होती."

आर्टेमिया म्हणजे मिठागरांत नि खाऱ्या तळ्यांत वाढणारा सेंटिमीटरभर लांबीचा, कोळंबीचा लांबचा नातलग असलेला जीव. अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकची सुकी अंडी डब्यांतून जगभर जातात. आपल्याकडे तुतिकोरिनच्या मिठागरांतही तो सापडतो. एका ग्रॅममध्ये दोन ते तीन लाख अंडी! सुकं अंडं पिचकलेल्या चेंडूसारखं दिसतं. पाण्यात पडलं की तास-दोन तासांत टुम्म गोल.

उबवणं सोपं आहे. शीतपेयाची दोन लिटरची बाटली बूड कापून उलटी टांगायची आणि एअर पंपाची नळी थेट तळापर्यंत सोडायची. लिटरला २५ ते ३० ग्रॅम मीठ, चिमूटभर खायचा सोडा, २८ अंशांची ऊब आणि एक-दोन ग्रॅम अंडी. शेजारी दिवा हवाच, कारण भिजल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत उजेड मिळाला नाही तर पुष्कळ अंडी जागीच होत नाहीत. २४ तासांत पाणी नारिंगी होतं.

गृहस्थांनी इथेही एक घोळ घातला होता. शनिवारी तयार झालेली बाटली त्यांनी रविवारी संध्याकाळी उघडली. अंड्यातून बाहेर पडलेलं आर्टेमियाचं पिल्लू सुरुवातीला स्वतःच्या बलकावर जगतं. सुमारे आठ तासांनी पहिली कात टाकली की तो साठा आटू लागतो. माशांना मिळतो तो मोठा झालेला, पण पोकळ घास. लगेच वापरायचं नसेल तर पिल्लं गाळून फ्रीजमध्ये ठेवावीत, दिवसभर टिकतात.

खरी मेख वेगळं करण्यात. पंप बंद करून दहा मिनिटं थांबायचं. टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाशी बसतात, आणि पिल्लं उजेडाकडे धावतात. म्हणून टॉर्च खालच्या बाजूला धरायचा. पंपाच्याच नळीतून पाणी खाली ओढायचं: तळाचा पहिला गढूळ घोट फेकायचा, मधलं नारिंगी पाणी बारीक जाळीतून गाळायचं, साध्या पाण्यानं धुवायचं. वरचा तपकिरी थर खाली सरकला की नळी चिमटायची, मग बाटलीत थोडी पिल्लं राहिली तरी चालतील. लोकमान्यांच्या शेंगांची गोष्ट इथे उलटी होते: टरफलं आपण टाकलेली नसली, तरी उचलायची आपणच.

टरफलाचा काटाच काढायचा असेल तर अंडी आधी तासभर साध्या पाण्यात भिजवून ब्लीचमध्ये ढवळतात. रंग तपकिरीवरून राखाडी, राखाडीवरून नारिंगी होतो. नारिंगी दिसताच थांबायचं. मिश्रण तापतं, म्हणून शेजारी बर्फ हवा. ४० अंशांच्या वर गेलं तर अंडीच मरतात. खिडकी उघडी, हातात मोजे, आणि ब्लीचजवळ संडास साफ करायचं ॲसिड मुळीच नको, नाहीतर विषारी वायू निघतो. मग क्लोरीनचा वास जाईपर्यंत धुवायचं आणि शेवटी सोडियम थायोसल्फेटच्या पाण्यातून काढायचं. अशी सोललेली अंडी थेट उन्हात ठेवू नयेत.

आमच्या गृहस्थांनी हे दोनदा करून सोडून दिलं. "स्वयंपाकघर आठवडाभर स्विमिंग पूलसारखं वास मारत होतं," हा घरातून आलेला शेरा. त्यांनी टॉर्चच पक्का धरला.

पावसाळ्यात डबाही जपावा लागतो. ओलसर चमचा आत गेला, अंडी अर्धवट भिजली, की त्यांचा जोम जातो. म्हणून थोडी-थोडी लहान बाटल्यांत भरून, घट्ट झाकण लावून फ्रीजमध्ये.

आता खाऊ घातला की ते दहा मिनिटांनी टाकीसमोर स्टूल ओढून बसतात. पिल्लांची पोटं नारिंगी दिसली तर चहा. एखादा तपकिरी ठिपका दिसला तर बाटली पुन्हा टॉर्चवर.