मऊ लूर की कठीण लूर: बासच्या मासेमारीतील निवड आणि गाइडचा आग्रह

लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याचा शिकारी मासा असून, सनफिश कुळातील या माशाला गळावर घेणे हा अमेरिकेत छंद, व्यवसाय आणि स्पर्धा अशा तिन्ही रूपांत रुजलेला प्रकार आहे. त्यासाठी जी कृत्रिम आमिषे वापरतात त्यांना ‘लूर’ म्हणतात आणि त्यांचे दोन मुख्य वर्ग पडतात: लाकूड किंवा टणक प्लॅस्टिकचे कठीण लूर आणि लवचिक पीव्हीसीपासून ओतलेले मऊ लूर. यांपैकी कोणता निवडावा हा प्रश्न नवशिक्यांना आवडीनिवडीचा वाटतो आणि पुष्कळ जाणते लोक त्यांचा तो समज तसाच राहू देतात; वस्तुतः मासा कुठे दडला आहे, पाणी किती थंड आहे आणि गळाचे टोक उघडे ठेवणे परवडते का, एवढ्या तीन गोष्टी ठाऊक असल्या की उत्तर बहुतेक वेळा ठरलेलेच असते. ते ठाऊक असूनही पैसे घेऊन भलतेच सांगणारी मंडळी या व्यवसायात आहेत, याचा अनुभव प्रस्तुत लेखकाने टेक्सासमध्ये घेतला असून पुढील विवेचन त्याच अनुभवावर उभे आहे.

कठीण लूरची परंपरा जुनी आहे. मिशिगन राज्यात जेम्स हेडन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकडी बेडूक कोरून या धंद्याला आरंभ केला, तर फिनलंडमध्ये लाउरी रापाला यांनी १९३६ च्या सुमारास बुचापासून जखमी माशासारखा डुलणारा लूर घडवला. आजच्या कठीण लूरमधील एक प्रमुख प्रकार क्रँकबेट हा होय. त्याच्या तोंडाशी ‘बिल’ नावाची पट्टी असते आणि रीळ गुंडाळताना पाणी तिच्यावर आदळून लूर खाली बुडी मारतो, त्यामुळे पट्टी जितकी लांब तितका तो खोल जातो. पृष्ठभागावर फुरफुरत चालणाऱ्या लूरला टॉपवॉटर आणि झटके देत चालवायच्या सडपातळ लूरला जर्कबेट म्हणतात. या सर्वांची ताकद दोन गोष्टींत आहे: ते थोड्या वेळात पुष्कळ पाणी पालथे घालतात आणि त्यांची थरथर माशाला पार्श्वरेषेने, म्हणजे अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या कंपने टिपणाऱ्या इंद्रियाने, गढूळ पाण्यातही जाणवते. त्यांचे वैगुण्यही उघड आहे. त्यांच्या पोटाला सहसा तीन टोकांचे दोन गळ लोंबत असतात, ज्यांना ‘ट्रेबल हुक’ म्हणतात, आणि ही सहा उघडी टोके वाटेत येईल त्या गोष्टीत अडकतात.

मऊ लूरचा इतिहास मात्र टेक्सासशी जोडलेला आहे, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे. ओहायोतील अॅक्रन येथे निक क्रीम यांनी १९४९ मध्ये प्लॅस्टिकचे गांडूळ तयार केले आणि पुढे त्यांचा उद्योग टेक्सासमधील टायलर या गावी गेला. गळाचे टोक गांडुळाच्या अंगातच लपवून पुढे गोळीच्या आकाराचे वजन सरकते ठेवण्याच्या बांधणीला तर ‘टेक्सास रिग’ असेच नाव आहे. अशा बांधणीचे गांडूळ पाणवनस्पतींमधून आणि बुडालेल्या फांद्यांमधून न अडकता सरकते, तळाशी हळूहळू घसरत नेता येते आणि तोंडात मऊ लागत असल्यामुळे बास ते थोडा अधिक वेळ धरून ठेवतो, इतका की गळ रुतवण्यासाठी रॉडला झटका द्यायला माणसाला उसंत मिळते.

डॅलसच्या पूर्वेला सबाइन नदीच्या एका उपनदीवर बांध घालून १९८० मध्ये लेक फोर्क हा तलाव तयार झाला. पाणी साठवताना तेथील पुष्कळ झाडे उभीच ठेवली गेली, त्यामुळे आजही वाळलेली खोडे पाण्यातून वर आलेली दिसतात. उथळ भागांत हायड्रिलाची दाट जाळी माजते. ही तीच वनस्पती होय, जी महाराष्ट्रातील विद्यार्थी प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात चंचुपात्रात ठेवून तिचे बुडबुडे मोजतात. अशा पाण्यात कोणता लूर चालवावा, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. तरीही प्रस्तुत लेखकाने दिवसभराचे शुल्क भरून ज्याला नेमले, त्या गाइडने, म्हणजे आपली बोट आणि साधने घेऊन मासेमारीला नेणाऱ्या व्यावसायिकाने, नेमका उलटा आग्रह धरला. शीत आघाडी, म्हणजे थंड हवेचा मोठा लोंढा, आदल्या रात्रीच सरकून गेल्यामुळे आकाश निरभ्र आणि वायुदाब चढा होता. अशा हवेत बास हालचाल कमी करून आडोशाला चिकटून बसतो, म्हणून गांडुळावर भर द्यावा, असे लेखकाने आदल्या संध्याकाळीच लेखी कळवले होते. तो संदेश अद्याप जपून ठेवलेला आहे. त्यावर ‘गांडुळे पोरांसाठी असतात’ एवढेच उत्तर आले.

त्यानंतर जे घडले ते फारसे लांबवण्याचे कारण नाही. क्रँकबेट फेकावा, तो हायड्रिलात रुतावा आणि हिरव्या धाग्यांचा भारा होऊन परत यावा, हाच क्रम दुपारपर्यंत चालला. ते धागे गळाच्या एकेका टोकावरून नखाने सोडवताना गाइडच्या चेहऱ्यावर जराही अवघडलेपण नव्हते. लूर बदलण्याची सूचना केली की तो रंग बदलून दुसरा क्रँकबेट बांधून देई. त्याच्या शर्टाच्या छातीवर, टोपीवर, बोटीच्या बाजूला आणि त्या लूरच्या पोटावर एकच चिन्ह छापलेले होते, पण तोवर ते केवळ नजरेखालून गेले होते. दुपारनंतर तो बोटीच्या मागच्या टोकाला गेला, आसनाखालून एक चुरगळलेली पिशवी काढली, तिच्यातील कलिंगडी हिरव्या रंगाचे गांडूळ स्वतःच्या रॉडला टेक्सास रिगने लावले, खोडाच्या अगदी बुडाशी सोडले आणि थोड्याच वेळात चांगला दणकट बास वर आणला. पुढची कृती पाहण्यासारखी होती. त्याने माशाच्या जबड्यातून गांडूळ काढून खिशात टाकले, त्याच जागी त्या चिन्हाचा क्रँकबेट अडकवला, मासा उचलून धरला आणि लेखकाच्या हाती कॅमेरा देऊन छायाचित्र काढायला सांगितले. सकाळपासूनच्या आग्रहामागे पाण्याचा अभ्यास नसून प्रायोजकाचा लूर होता, याविषयी त्या क्षणानंतर शंका उरली नाही. खुलासा विचारला असता ‘आता वारा फिरला’ असे उत्तर मिळाले. वारा फिरला नव्हता. फिरला असता तरी हायड्रिला तेथेच होती. संध्याकाळी धक्क्यावर परतल्यावर टीपसाठी तो बराच वेळ रेंगाळला, हेही नोंदवून ठेवणे आवश्यक आहे. प्लॅस्टिकच्या गांडुळाचे टायलर जेथून मोटारीने तासाभराच्या अंतरावर आहे, अशा तलावावर हे घडावे, यापेक्षा मोठा विनोद नाही.

या अनुभवातून निघणारी सूत्रे पुढीलप्रमाणे मांडता येतात. पाणी साधारण दहा अंश सेल्सिअसच्या खाली असेल किंवा थंड हवेचा लोंढा नुकताच गेला असेल, तर माशाची भूक आणि धाव दोन्ही मंदावतात, म्हणून हळू चालणारे मऊ आमिष आधी वापरावे. अपवाद जर्कबेटचा, कारण तो पाण्यात जागच्या जागी तरंगता थांबवता येतो. वनस्पती, फांद्या आणि खांब यांच्या दाटीत गळाचे टोक झाकलेले असावे. उलट उघडे, खडकाळ किंवा वाऱ्याने ढवळलेले पाणी असेल आणि बास लहान माशांच्या थव्यांमागे धावत असेल, तर कठीण लूरला पर्याय नाही. तेथे गांडूळ घसरत बसणे म्हणजे वेळ दवडणे होय. कठीण लूरवर राग धरण्याचे कारण नाही, राग तो चुकीच्या जागी लादणाऱ्यावर धरावा. विक्रमांचे दाखले देऊन कोणी वाद घालू लागल्यास त्याला तथ्ये ऐकवावीत: जॉर्ज पेरी यांनी २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यात पकडलेला २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे सुमारे दहा किलोंचा बास लाकडी लूरवर आला हे खरे, परंतु त्याची बरोबरी करणारा मासा मानाबू कुरिता यांनी २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात जिवंत आमिषावर पकडला आणि लेक फोर्कमधून १९९२ मध्ये आलेला १८.१८ पौंडांचा टेक्सासचा विक्रमी बासही जिवंत माशाच्याच आमिषाला लागला होता. विक्रमांवरून लूर ठरत नाही.

साधनांच्या बाबतीत काही गोष्टी पुस्तकांत सहसा सापडत नाहीत. ट्रेबल हुकचे टोक बारीक असल्याने ताठ रॉडने जोरात ओढल्यास ते माशाच्या तोंडातून फाटून निघते, म्हणून क्रँकबेटला मध्यापर्यंत वाकणारा रॉड हवा. टेक्सास रिगला मात्र केवळ शेंड्याशी वाकणारा जोरकस रॉड लागतो, कारण गळाला आधी प्लॅस्टिक भेदायचे असते. दोन्हींसाठी एकच रॉड पुढे करणाऱ्याला तेथेच नकार द्यावा. मऊ लूर त्यांच्या मूळ पिशवीतच ठेवावेत, कारण त्यांना लवचिक करणारे रसायन कठीण लूरच्या रंगाला आणि काही जातींच्या प्लॅस्टिकच्या डब्यांनाही विरघळवते. एका उन्हाळ्यात बंद राहिलेला डबा उघडला की गांडूळ, रंग आणि डब्याचा तळ यांचा चिकट गोळा हाती येतो. मऊ आमिष मासा खोल गिळण्याचा धोका अधिक असतो, तेव्हा दोरी सरकताना दिसताच झटका द्यावा, आणि गळ घशात गेलाच तर ओढाताण न करता दोरी कापावी. फाटलेली गांडुळे पाण्यात टाकू नयेत.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. टेक्सासमध्ये सतरा वर्षे पूर्ण केलेल्या बहुतेक सर्वांना मासेमारीचा परवाना लागतो आणि गाइडलाही वेगळा परवाना घ्यावा लागतो, तेव्हा तो दाखवण्यास सांगण्यात संकोच नसावा. लेक फोर्कवर १६ ते २४ इंच लांबीचा बास परत पाण्यात सोडणे बंधनकारक आहे. मोजपट्टी स्वतःची न्यावी, कारण दुसऱ्याच्या बोटीवरील प्रत्येक वस्तूवर विश्वास ठेवावा असे लेखकाला आता वाटत नाही.

रायगडच्या खाड्यांत जिताड्यासाठी लूर फेकणाऱ्या हौशी मंडळींनाही यातील बराच भाग उपयोगी पडेल. जिताड्याला इंग्रजी व्यवहारात ‘सी बास’ म्हटले जात असले तरी तो वेगळ्या कुळातील मासा आहे. मात्र तिवरांच्या मुळांमध्ये ट्रेबल हुकची जी गत होते ती हायड्रिलातील गतीहून वेगळी नाही, आणि खाऱ्या पाण्यात वापरलेले गळ गोड्या पाण्याने न धुतल्यास लवकर गंजतात.

गाइड नेमणे त्याज्य नाही. अनोळखी तलावावर तो बहुधा हवाच. फक्त आगाऊ रक्कम देण्यापूर्वी त्याला तीन प्रश्न लेखी विचारावेत: कोणत्या कंपनीचे प्रायोजकत्व आहे, बोटीवर मऊ आणि कठीण दोन्ही लूर असतील का, आणि ऐन वेळी लूर बदलण्याचा निर्णय कोणाचा राहील. यांपैकी एकाही प्रश्नाचे सरळ उत्तर न आल्यास पैसे देऊ नयेत.