रजिस्ट्रीला हात लावण्याआधी

जुना कॉम्प्युटर संथ झाला की कुणी ना कुणी सांगतोच, ‘रजिस्ट्री साफ करून घ्या.’ मी साताऱ्यात छपाईच्या धंद्यात आहे. आमच्याकडे विंडोज ७ चं एक मशीन अजून रोज चालतं. त्यावर पेजमेकर ७ आहे, जुने मराठी फॉन्ट आहेत आणि युनिकोड रुळण्याआधीच्या काळातल्या ढीगभर फायली आहेत. त्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या तर जोडाक्षरांचा पार चुराडा होतो. जुनं मशीन कुणी हौसेनं सांभाळत नाही. त्यावरचं सॉफ्टवेअर दुसरीकडे धड बसत नाही, म्हणून सांभाळावं लागतं. आणि रजिस्ट्री क्लीनर नेमका तिथेच घाव घालतो.

दिवाळी अंकाची पानं लागत होती. मशीन सुरू व्हायला फार वेळ घेतं म्हणून देखभालीला येणाऱ्या मुलाला बोलावलं. त्यानं पेन ड्राइव्हवरून एक फुकटचं क्लीनर टाकलं. स्कॅन झाला आणि लाल अक्षरांत शेकड्यांनी एरर दिसू लागल्या. “काका, बघा केवढा कचरा साठलाय!” म्हणत त्यानं ‘फिक्स ऑल’ दाबलं. पुन्हा स्कॅन, पुन्हा थोड्या एरर, पुन्हा फिक्स, असं आकडा शून्यावर येईपर्यंत चाललं. काढलेल्या नोंदींची प्रत ठेवू का, असं प्रोग्रॅम दर खेपेला विचारत होता. पहिल्यांदा त्याला ‘यस’ मिळालं. नंतर घाई झाली.

मशीन रिस्टार्ट केलं, तर सुरू व्हायला लागणारा वेळ होता तेवढाच. पेजमेकर उघडला. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर मात्र उघडेना. जपलेल्या प्रतीनं पहिल्या खेपेच्या नोंदी परत आणल्या, पुढच्या खेपांच्या गेल्या त्या गेल्याच. सिस्टम रिस्टोअर डिस्कवरची जागा वाचवायला कधीकाळी बंद केलेलं. शेवटी विंडोज नव्यानं टाकली. सॉफ्टवेअरची सीडी ओरखड्यांमुळे वाचली जाईना, तेव्हा कराडच्या एका स्नेह्याच्या छापखान्यातून तशीच सीडी आणली. लायसन्स डोंगलमध्ये, म्हणजे मशीनला लावायच्या छोट्या किल्लीत होतं म्हणून निभावलं. ऑनलाइन ॲक्टिव्हेशनचा मामला असता आणि कंपनीनं तो सर्व्हर बंद केलेला असता, तर अंक दुसऱ्याच्या छापखान्यात गेला असता.

मग नेमकं काय पुसलं गेलं, याचा मी छडा लावला. रजिस्ट्री म्हणजे विंडोजनं आणि त्यावरच्या प्रोग्रॅमांनी आपापल्या सेटिंग टिपून ठेवण्याची जागा. पूर्वी या गोष्टी आयएनआय नावाच्या सुट्या फायलींत असत. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्रीचं छोटं रूप आलं आणि विंडोज ९५ पासून जवळपास सगळा कारभार तिच्याकडे गेला. कुठल्या प्रकारची फाइल कशात उघडायची, प्रोग्रॅमांना लागणारी कुठली डीएलएल फाइल कुठे आहे, लायसन्स आहे की नाही, सगळं तिथे. क्लीनर या नोंदी वाचतो, त्यांत लिहिलेल्या पत्त्यावर फाइल आहे का पाहतो आणि नसली तर नोंद ‘अनाथ’ ठरवतो. आमच्या टायपिंग सॉफ्टवेअरचा एक फोल्डर शेजारच्या मशीनवर होता आणि ते मशीन त्या वेळी बंद होतं. पत्ता सापडला नाही म्हणून नोंदी कचऱ्यात गेल्या. बाहेरची हार्ड डिस्क काढून ठेवलेली असली तरी हेच होऊ शकतं. शिवाय काही प्रोग्रॅम रिकामी नोंद मुद्दाम ठेवतात. ती नुसती असणं हीच त्यांची खूण असते. लायसन्सच्या नोंदी तर कुणाला उमगू नयेत अशाच बेतानं लिहिलेल्या असतात. कोणती नोंद कामाची, हे तिचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ठाऊक असतं. दुरून बघणाऱ्या क्लीनरनं अंदाजच करायचा.

बरं, एवढा धोका पत्करून वेग तरी वाढतो का? नाही वाढत. शब्दकोशात हजार शब्द जास्त असले म्हणून हवा तो शब्द शोधायला कुणी अडत नाही, तसंच रजिस्ट्रीचं आहे. विंडोज ती पहिल्या पानापासून वाचत बसत नाही, हवी ती नोंद नेमकी काढते. क्लीनर काढून टाकतो त्या नोंदी भरतात काही किलोबाइट, आणि रजिस्ट्रीच्या फायली असतात कित्येक मेगाबाइटच्या. विंडोजच्या अंतरंगाचे जाणकार मार्क रुसिनोविच यांनी २००५ मध्येच लिहिलं होतं की रजिस्ट्री बेसुमार फुगली तरी, ती सगळी पिंजून काढणारा शोध सोडला तर, वेगावर फारसा परिणाम होत नाही. साफसफाईनं वेग वाढतो ही समजूत आली कुठून, याला थोडा इतिहास आहे. विंडोज २००० पर्यंत रजिस्ट्रीच्या आकाराला मर्यादा होती, ती एक्सपीत उठली. खुद्द मायक्रोसॉफ्टनंही नव्वदीच्या दशकात रेगक्लीन नावाचं साधन दिलं होतं. पुढे तेही मागे घेतलं. आज त्यांचं लेखी धोरण असं आहे की अशा साधनांना पाठिंबा नाही, आणि त्यांच्यामुळे बिघडलेलं मशीन विंडोज पुन्हा टाकूनच दुरुस्त करावं लागू शकतं.

लाल अक्षरांतल्या एररच्या आकड्याचा तर धंदा झालाय. अमेरिकेत ऑफिस डेपो या दुकानसाखळीत ‘पीसी हेल्थ चेक’ चालायचं. सुरुवातीला गिऱ्हाइकाला चार प्रश्न विचारायचे: मशीन संथ आहे का, मध्येच बंद पडतं का वगैरे. एकाला जरी ‘हो’ आलं तरी स्कॅनमध्ये काहीही निघो, मालवेअरची लक्षणं असल्याचा निकाल ठरलेला! तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं २०१९ मध्ये हे प्रकरण लावून धरलं आणि ऑफिस डेपो व त्यांचा सॉफ्टवेअर पुरवठादार यांना मिळून साडेतीन कोटी डॉलर भरावे लागले. २०२४ मध्ये रेस्टोरो आणि रीइमेज या सायप्रसच्या दोन कंपन्यांवर २ कोटी ६० लाख डॉलरची पाळी आली, दोष तोच: धडधाकट मशीनवरही भीतिदायक निकाल दाखवायचे. विंडोजमधला मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हा अँटीव्हायरस १ मार्च २०१८ पासून असे धाक दाखवणारे प्रोग्रॅम काढूनच टाकतो. साधन नावाजलेलं असलं की झालं, असंही नाही. २०१७ मध्ये सीक्लीनरच्या ५.३३ या आवृत्तीत, कंपनीच्याच अधिकृत डाउनलोडमध्ये, हल्लेखोरांनी घुसखोरी केली होती आणि ती आवृत्ती वीस लाखांहून जास्त मशीनवर पोचली होती.

तुमचं मशीन रखडत असेल तर आधी टास्क मॅनेजर उघडा आणि डिस्क व मेमरीवर किती ताण आहे ते पाहा. विंडोज ७ मध्ये डिस्कसाठी रिसोर्स मॉनिटर उघडावा लागेल. जुन्या मशीनचं दुखणं बहुतेक वेळा फिरत्या हार्ड डिस्कमध्ये असतं. तिला एकेक तुकडा शोधायला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात, एसएसडीला त्याचा शंभरावा हिस्सा पुरतो. आमच्याकडे तीच बदलली आणि मशीन झटकन सुरू होऊ लागलं. रॅम दोन जीबी असेल तर आधी मदरबोर्ड किती घेतो ते पाहून वाढवा. सुरू होताना आपोआप उठणारे प्रोग्रॅम बंद करा. मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स नावाचं फुकट साधन त्यांची यादी दाखवतं. तिथे टिकमार्क फक्त काढायचा, नोंद डिलीट करायची नाही, म्हणजे परत फिरता येतं. दोन अँटीव्हायरस एकत्र नांदत असतील तर एकाला निरोप द्या. पंख्यातली धूळ काढा, तापलेला प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो.

रजिस्ट्रीला हात लावायची खरी गरज क्वचित पडते. अर्धवट अनइन्स्टॉल झालेला प्रोग्रॅम पुन्हा बसू देत नसेल, तर मायक्रोसॉफ्टचं इन्स्टॉल-अनइन्स्टॉलचं ट्रबलशूटर आधी चालवून पाहा. त्यानंही भागलं नाही तर विंडोजच्याच रेजएडिट या रजिस्ट्री संपादकात तेवढीच एक नोंद एक्स्पोर्ट करून मग काढा. पण विंडोजच सुरू झाली नाही तर ती एक्स्पोर्ट केलेली फाइल डबल क्लिक कुठे करणार? म्हणून त्याआधी क्लोनझिलासारख्या साधनानं अख्ख्या डिस्कची प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर घ्या. विंडोज रजिस्ट्रीची प्रत ठेवायची त्या रेगबॅक फोल्डरच्या भरवशावर राहू नका. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून तिथे आपोआप प्रत ठेवणं बंद आहे, फोल्डरात फायली दिसतात पण त्या शून्य बाइटच्या.

आता ऑक्टोबर २०२५ नंतरची एक गोष्ट. विंडोज १० चा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबरला संपला, ७ चा तर २०२० मध्येच. पाठिंबा संपलेलं मशीन कामापुरतं ठेवायचं असेल तर त्याची इंटरनेटची वायर काढा, वायफाय बंद करा. फायली पेन ड्राइव्हनं न्या-आणा, आणि तो ड्राइव्ह आधी नव्या मशीनवर तपासून घ्या. सॉफ्टवेअरच्या सीड्या अजून वाचल्या जात असतील तर त्यांच्या आयएसओ प्रती करून दोन ठिकाणी ठेवा, लायसन्सचे नंबर कागदावर लिहून काढा. डोंगल मात्र मशीनच्या मागे लोंबकळत ठेवू नका, झाडू मारताना तुटतो.