मका मुरवावा की वाळवावा?

प्रश्न : तीन लाल कंधारी गाई आणि एक देवणी वळू आहे. सोयाबीनमुळे कडबा उरत नाही. अर्धा एकर मका आहे. मुरघास करावा की वाळवून गंजी लावावी? गेल्या वर्षी पिशव्यांत बुरशी आली. (ता. कंधार, जि. नांदेड)

उत्तर : मुरघासच करा. सप्टेंबरात मका कापणीला येतो तेव्हा आपल्याकडे पाऊस धड थांबलेला नसतो. वाळवायला टाकलेली वैरण काळी पडते. गंजी रब्बी ज्वारीच्या कडब्याची लावावी, तिला कोरडी हवा मिळते.

बुरशीचं कारण बहुधा आत राहिलेली हवा. कणसातला दाणा चिकात आला की कापा. कुट्टी दोनेक सेंटिमीटरची ठेवा आणि मुठीत घट्ट दाबून पाहा : हात ओलसर झाला, पण पाणी गळलं नाही, तर ओल बरोबर. पाणी गळलं तर चारा अर्धा दिवस सुकू द्या. पिशवीत थराथराने भरून प्रत्येक थर पायाने तुडवा; इथे कंटाळा केला की सगळं गेलं. काळ्या रानात खड्डा नको, पाणी झिरपतं. पिशव्या फळीवर ठेवा, आणि उंदरांवर लक्ष असू द्या. एक भोक पुरतं!

४५ दिवसांनी उघडा. आंबूस वास, पिवळसर हिरवा रंग हवा. बुरशी आलेला भाग जनावरांना मुळीच घालू नका, गाभण गाईला तर नाहीच. सुरुवात जनावरामागे दोन किलोंनी. आठवड्याभरात दहावर न्या. सोबत कडबा हवाच. दहा किलोंनी चार जनावरांना चार महिन्यांसाठी पाच टन लागेल.

कोवळ्या ज्वारीचं मात्र धाडस नको. तिच्यातलं विष जनावर आडवं करतं.