तीन कडांचा लव्हाळा

मुलांनो, जुलै महिन्यात अलोरे गावाच्या रस्त्याने चालताना दोन्ही बाजूंना भातखाचरे दिसतात. दुरून सगळे एकसारखे हिरवे वाटते. पण जरा बांधावर बसून पाहा. त्या हिरव्यात भाताशिवाय आणखीही कोणीतरी उभे असते. त्याला कोणी लावलेले नसते, तरी ते भाताच्याच ओळीत डोके वर काढते. त्याचे नाव लव्हाळा.

दिसायला गवतासारखा, म्हणून आपण त्याला गवत म्हणतो. ते बरोबर नाही. त्याची एक काडी उपटा आणि अंगठा व बोट यांमध्ये धरून फिरवा. गवताची काडी सहज फिरते. लव्हाळ्याची काडी अडखळते, कारण तिला तीन कडा असतात. ती ब्लेडने आडवी कापली तर चक्क त्रिकोण दिसतो. भाताच्या काडीला पेरे असतात आणि ती मधे पोकळ असते. लव्हाळ्याची काडी भरीव असते, तिला तशी पेरे नसतात. भाताची पाने दोन ओळींत येतात, लव्हाळ्याची तीन ओळींत.

लहानपणी बेणणीला गेलो असताना मी लव्हाळा समजून भाताचीच दहाबारा रोपे उपटली होती. दादी रागावली नाही. तिने दोन्ही रोपे माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "बेटा, डोळ्यांनी नको, बोटांनी बघ." वनस्पतिशास्त्राचा माझा पहिला धडा तो. कॉलेजातला नंतरचा.

लव्हाळा हे नाव आपल्याकडे अशा अनेक वनस्पतींना देतात. म्हणून शास्त्रीय नाव लागते. भातखाचरात नेहमी भेटणाऱ्या एका लव्हाळ्याचे नाव सायपेरस इरिया. स्वीडनचे शास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५३ साली ते दिले. याच सायपेरस कुळीत एक फार मोठा नातेवाईक आहे, मिसर देशातला पपायरस. त्याच्या काड्यांपासून हजारो वर्षांपूर्वी लिहिण्याची पाने बनवत. इंग्रजीतला 'पेपर' हा शब्द त्यावरूनच आला. दुसरा नातेवाईक तुमच्या ओळखीचा आहे : नागरमोथा. युनानी हकीम त्याला सअद कूफी म्हणतात.

या दोन भावांचा स्वभाव मात्र वेगळा आहे. मोथ्याला जमिनीत गाठी असतात. वरचा पाला उपटला तरी गाठीतून तो पुन्हा फुटतो. आपला लव्हाळा एकवर्षायू आहे, उर्दूत ज्याला आपण यकसाला म्हणतो. त्याला गाठी नाहीत, फक्त बारीक तंतुमुळे. त्याचे सारे भविष्य बियांवर अवलंबून आहे. हे लक्षात ठेवा, कारण शेतकऱ्याचा उपाय इथेच आहे.

काडीच्या टोकाला लांब पानांच्या मधे पिवळसर तुरे येतात. ती त्याची फुले. त्यांना रंगीत पाकळ्या नाहीत, वास नाही. परागकण वारा वाहून नेतो, मग फुलपाखरांसाठी नटायचे कशाला? प्रत्येक फुलातून एकच बी तयार होते, आणि गंमत म्हणजे तेही तीन कडांचे. रुजल्यापासून साधारण महिन्याभरात तुरा येतो. एक झाड ३,००० ते ५,००० बिया देऊ शकते. एका खाचरात अशी दहाच झाडे राहिली तर पुढच्या पावसाळ्यासाठी किती बिया पडतील, याचा हिशेब वहीत करून पाहा.

या साध्या झाडात एक नवलही आहे. किडे लहान असताना त्यांना लहानच ठेवणारे एक द्रव्य त्यांच्या शरीरात असते. तेच द्रव्य या लव्हाळ्यात सापडल्याचे १९८८ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हा लव्हाळा खाऊन वाढलेल्या नाकतोड्यांची वाढ बिघडते आणि माद्यांची अंडी नीट तयार होत नाहीत. पाय नसलेल्या वनस्पतीने शत्रूशी लढण्याची काढलेली ही युक्ती मला तर फार आवडते.

पण भाताचे काय? लव्हाळा त्याचे खत आणि प्रकाश दोन्ही पळवतो. त्याचे बी उघड्या, ओल्या मातीत प्रकाश मिळाला की रुजते. चिखलात खोल गाडले गेले किंवा वर पाणी साचलेले असले, तर ते फारसे उगवत नाही. म्हणून चिखलणी चांगली करतात, आणि लावणीनंतर बांध फुटून खाचर कोरडे पडू नये याची काळजी घेतात. तरीही जे उगवेल ते तुरा पिकण्याआधी उपटायला हवे. जुलैच्या सुरुवातीला लावणी झाली असेल, तर ऑगस्ट उजाडायच्या आत एकदा खाचरात फिरून यावे.

उशीर झालाच आणि तुरे तपकिरी झाले असतील, तर उपटलेली झाडे बांधावर टाकू नका. पाऊस त्यांचे बी पुन्हा खाचरातच आणून सोडतो. दादी अशी झाडे टोपलीत भरून घरी आणायची आणि चुलीजवळ वाळत घालायची. दोन दिवसांनी त्यांवर चहा व्हायचा.