आमच्या भाषेतलं एक अक्षर

मी आणि माझी मैत्रीण शेळ्या राखताना एक गुपित भाषा बोलतो. ती आम्हीच तयार केली आहे. तिच्यात एक गमतीचा आवाज आहे. बैल हाकताना आजोबा जीभ टाळूला लावून सोडतात ना, तोच. हा आवाज करायला सोपा, पण लिहायला अवघड. कारण तो आपल्या मुळाक्षरांत नाहीच.

दिवाळीनंतर मैत्रीण आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली. तिच्या मामांच्या हाती मी चिठ्ठी दिली. ‘तुझी बाकावरची जागा राखून ठेवली’ असं मला लिहायचं होतं. ‘राखून ठेवली’ म्हणायला आम्ही आधी जिभेचा आवाज काढतो आणि मग ‘का’ म्हणतो. साधं ‘टका’ म्हटलं तर ‘दुसऱ्याला दिली’ असा अर्थ होतो. मी त्या आवाजासाठी नुसता ट लिहिला. झालं! मामा परत येऊन म्हणाले, “पोर लई रडली. आता शाळेत जायचं नाही म्हणती.”

मग मी आमच्या बाईंना सगळं सांगितलं. गुपित फुटलं, पण काय करणार! बाई रागावल्या नाहीत. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या.

१) दक्षिण आफ्रिकेत झुलू आणि खोसा या भाषा बोलतात. त्यांच्या शब्दांतच असे जिभेचे आवाज असतात. ते लिहायला इंग्रजीतली सी, क्यू आणि एक्स ही अक्षरं घेतली आहेत, कारण ती मोकळी होती. आपल्याला वाईट वाटलं की आपण ‘च्च’ करतो. तसला आवाज तिथे सी ने लिहितात.

२) झामेनहॉफ नावाच्या डॉक्टरांनी एस्पेरांतो ही नवी भाषा तयार केली. तिचं पहिलं पुस्तक १८८७ साली वॉर्सा शहरात निघालं. त्यांनी एका आवाजाला एकच अक्षर ठेवलं. अक्षरं कमी पडली तेव्हा सहा अक्षरांच्या डोक्यावर खूण दिली.

आपल्या मराठीतसुद्धा ‘बॅट’ आणि ‘डॉक्टर’ लिहायला चंद्र काढतात. पण ‘चार’ आणि ‘चाक’ म्हणून बघा. च एकच, आवाज दोन! तिथे आपण सवयीने ओळखतो. नवीन भाषेत सवय नसते, म्हणून घोटाळा होतो.

मी आधी ङ घेतला. तो आमच्या भाषेत मोकळा होता. पण तो बघून बैल काही आठवेना. मग ट च्या खाली टिंब दिलं : ट़. जीभ टाळूलाच लागते म्हणून ट, आणि आवाज वेगळा म्हणून टिंब. नवीन चिठ्ठीत सगळ्यात वर लिहिलं, ‘ट़ म्हणजे बैल हाकायचा आवाज.’ कारण खूण दोघींना माहीत नसेल तर तिचा उपयोग नाही. खाली एकच शब्द लिहिला, ‘ट़का’.

परवा मामांबरोबर उत्तर आलं. तिनेही ‘ट़का’ लिहिलं आहे आणि टिंब चांगलं मोठं दिलं आहे. कारखाना बंद झाला की ती येणार आहे. तोवर माझ्या शेजारी कोणी बसू नये, ही विनंती.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी