औषधनोंदींची ग्रिड : दिसते कोठे, बदलते कोठे



चिकित्सालयात संगणकावर नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येकास एक कोष्टक परिचयाचे असते. एका ओळीत रुग्णाचे नाव, दिनांक, औषध, मात्रा आणि अनुपान. पडद्यावर ही सर्व माहिती एकाच तक्त्यात असल्यासारखी भासते. साठविलेली मात्र तशी नसते. रुग्णांचे टेबल निराळे, औषधांची सूची निराळी आणि कोणास केव्हा काय दिले याचे टेबल निराळे. या तिन्हींतील हवे ते रकाने एकत्र करून डेटाबेस जे चित्र उभे करतो, त्यास व्ह्यू म्हणतात. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये हे कार्य साठविलेली क्वेरी करते. तो ज्या ओळी-रकान्यांच्या जाळीत दिसतो ती ग्रिड.

ग्रिडमध्ये आपण एखादा शब्द बदलतो तेव्हा तो नेमका कोणत्या टेबलात बदलतो? हा प्रश्न मी स्वतःस फार उशिरा विचारला.

2018 मधील गोष्ट. एका रुग्णाची आरोग्यवर्धिनी थांबवून मी चंद्रप्रभा वटी सांगितली. सहायकाने ग्रिडमधील त्याच्या ओळीत आरोग्यवर्धिनी हा शब्द पुसून तेथे चंद्रप्रभा टंकलिखित केले. ॲक्सेसने विनातक्रार ते स्वीकारले. परंतु नावाचा तो रकाना औषधसूचीतून आलेला होता. म्हणून बदल झाला तो सूचीत. त्या क्षणापासून, ज्या ज्या रुग्णास पूर्वी आरोग्यवर्धिनी दिली होती, त्या प्रत्येकाच्या जुन्या नोंदीत चंद्रप्रभा दिसू लागली.

आरोग्यवर्धिनीत कज्जली, म्हणजे पारद आहे; चंद्रप्रभेत नाही. पुढे दुसरा एक रुग्ण परत आला तेव्हा त्यास पूर्वी पारदयुक्त कल्प किती काळ दिला होता, हे मला पाहावयाचे होते. पडदा सांगत होता की मुळीच दिला नाही. त्याचा जुना कागदी केसपेपर माझ्याच हस्ताक्षरात असल्यामुळे विसंगती ध्यानात आली, अन्यथा मी पडद्यावर विश्वास ठेवून पुढची योजना केली असती.

दुरुस्ती मात्र सोपी निघाली, आणि तीच खरी शिकवण ठरली. वितरणाच्या टेबलात औषधाचे नाव नसतेच, केवळ सूचीतील क्रमांक असतो. तो क्रमांक कोणीही बदललेला नव्हता. सूचीतील नाव पूर्ववत करताच सर्व जुन्या नोंदी एकदम सुधारल्या. ज्या एका रुग्णाचे औषध खरोखर बदलावयाचे होते, त्याच्या त्या भेटीच्या ओळीत चंद्रप्रभेचा क्रमांक घातला. नाव ॲक्सेसने आपोआप आणले.

म्हणून ग्रिडमध्ये नावाचा रकाना नुसता उघडा ठेवू नये. त्याऐवजी क्रमांकाच्या रकान्यास जोडलेला कॉम्बो बॉक्स द्यावा; त्यात दिसते नाव, साठविला जातो क्रमांक. सूचीतून आलेले इतर रकाने, उदाहरणार्थ कंपनी वा पॅकिंग, ‘लॉक्ड’ करावेत. शिवाय सूचीतील नावास पुनरावृत्ती न चालणारा इंडेक्स लावावा. माझ्याकडे तो असता तर एकाच नावाची दुसरी चंद्रप्रभा संगणकाने तेथेच नाकारली असती.

काही व्ह्यू मुळातच बदलता येत नाहीत. एकूण शिल्लक दाखविणारी, बेरीज केलेली क्वेरी ग्रिडमध्ये उघडली तर आकड्यावर कितीही टंकन करा, काही होत नाही. खाली पट्टीवर सूचना तेवढी येते. हा दोष नव्हे. अविपत्तिकर चूर्णाच्या तीन बॅचची बेरीज चाळीस असेल आणि आपण अडतीस लिहिले, तर दोन डबे कोणत्या बॅचमधून वजा करावयाचे हे संगणकास कसे कळावे? रिलेशनल डेटाबेसचे जनक ई. एफ. कॉड यांनी 1985 मध्ये मांडलेल्या नियमांत सहावा नियम याच विषयाचा आहे : जे व्ह्यू तत्त्वतः बदलता येण्याजोगे असतील, ते प्रणालीला बदलता आले पाहिजेत. ‘तत्त्वतः’ या शब्दात सारे आले. शिल्लक दुरुस्त करावयाची असेल तर बॅचनिहाय आवक-जावकीच्या टेबलात दुरुस्तीची नवी ओळ घालावी, कारणासह.

औषधालय चालविणाऱ्यांसाठी आणखी एक. पुढील 90 दिवसांत मुदत संपणाऱ्या बॅचची ग्रिड बहुतेकांकडे असते. तिच्यात मुदतीचे वर्ष चुकून पुढचे पडले, तर ती ओळ पुन्हा क्वेरी चालेपर्यंत दिसत राहते आणि नंतर नाहीशी होते. नोंद गेली नाही, ती गाळणीबाहेर गेली. पण मुदतबाह्य होणारी बाटली फळीवर तशीच राहते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये व्ह्यू लिहिताना ‘विथ चेक ऑप्शन’ जोडल्यास असा बदल नाकारला जातो. ॲक्सेसमध्ये ती सोय गृहीत धरू नये. मुदतीचा रकाना या ग्रिडपुरता बंद ठेवून दुरुस्ती बॅचच्या फॉर्ममध्येच करावी.

दोन संगणकांवर काम चालत असेल तर ग्रिड आपोआप ताजी राहील असे समजू नये. ‘रिफ्रेश’ने आधीच दिसत असलेल्या ओळींतील नवे आकडे येतात, दुसऱ्या काउंटरवर नव्याने घातलेली ओळ येण्यासाठी ‘रिक्वेरी’ लागते, म्हणजे शिफ्ट धरून एफ९. दोघांनी एकच नोंद एकाच वेळी बदलली तर ॲक्सेस विचारतो : आपला बदल जतन करावा, क्लिपबोर्डवर घ्यावा, की सोडून द्यावा? आमच्याकडे सहायकास सांगून ठेवले आहे की, अशा वेळी सोडून द्यावे, दुसऱ्याने काय लिहिले ते पाहावे आणि मग आवश्यक वाटल्यास आपली दुरुस्ती पुन्हा करावी.